नगरहून नगरकर बोलतेय

नगरकरबाईंना सायकल चालवता येत नाही, हे मला त्यांनी सायकल विकत घेतल्यावर कळलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "सुनंदा, केडगावला ये. आणि साडी नेसून येऊ नकोस." एवढं बोलून ठेवून दिला.

मी रिक्षाने गेले तर बाई फाटकात उभ्या. अंगात करड्या रंगाचा पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि शेजारी पोपटी रंगाची लेडीज सायकल. तिच्या सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. मी त्यांना वीस वर्षं पाहत होते, पण इस्त्रीच्या सुती साडीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. 

"तू शेवगावची ना? शाळेत सायकलवर जायचीस म्हणाली होतीस."

"हो, पण त्याला आता पंचवीस वर्षं झाली बाई."

"ती विद्या विसरत नाहीत म्हणतात. मला शिकव."

त्यांच्या कॉलनीमागे एक मोकळं मैदान होतं. तिथे आम्ही रोज सकाळी सहाला जायचो. मी कॅरियर धरून मागे पळायचे आणि साठ वर्षांच्या नगरकरबाई समोर टक लावून, ओठ घट्ट मिटून पॅडल मारायच्या. पडायच्या, गुडघे फुटायचे, ड्रेस फाटायचा. पडल्या की तशाच जमिनीवर बसून म्हणायच्या, "लाइन तुटली. पुन्हा जोड." क्रिकेट खेळायला येणारी पोरं पहिले दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एक जण येऊन म्हणाला, "आजी, चाकाकडं बघू नका, लांब बघा." बाईंनी त्याचं ऐकलं आणि त्याच दिवशी मैदानाला एक पूर्ण चक्कर मारली. खाली उतरताना मात्र कडुनिंबाच्या झाडाला धरून थांबल्या, कारण ब्रेक लावायचा हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

"पण बाई, सायकल कशाला?" मी त्या दिवशी विचारलं.

"मला अकोले तालुक्यातल्या डोंगरात जायचंय."

"एसटी जाते की."

"एसटीतून गाव दिसत नाही गं. स्टँड दिसतं."

हे अकोल्याचं वेड कुठून आलं, ते खात्यात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी त्याच खात्यात लागले तेव्हा परगावचे कॉल हाताने जोडायच्या ट्रंक बोर्डाचे शेवटचे दिवस होते. हॉलमध्ये ओळीने बसलेल्या आम्ही बाया, समोर भोकांचा बोर्ड, हातात त्या भोकांत खुपसायच्या दोऱ्या, कानावर हेडफोन. प्रत्येकीच्या वाट्याला काही लाइनी यायच्या. नगरकरबाईंकडे पश्चिमेच्या होत्या, संगमनेरच्या पुढच्या. कोतूळ, राजूर, समशेरपूर, शेंडी. बाकीच्या बाया घशातून ओढून काढल्यासारखं "हॅलो" म्हणायच्या. बाई मात्र एखाद्याच्या ओसरीवर जाऊन बसावं तशा बोलायच्या. "हॅलो राजूर, नगरहून नगरकर बोलतेय. पाऊस थांबला का?"

राजूरला पाऊस थांबला की नाही याच्याशी नगरच्या बोर्डाचा काही संबंध नव्हता. पण बाईंना ते कळल्याशिवाय दोरी लावता यायची नाही. कोतूळच्या ऑपरेटरला कधी खोकला झाला, शेंडीच्या पोस्टातल्या माणसाच्या मुलीचं लग्न कुठे जमलं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. त्यांच्यातल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. लग्न केलेलं नव्हतं. नोकरी आणि आई यांच्यातून संगमनेरच्या पलीकडे जायला त्यांना तीस वर्षांत एक दिवस मिळाला नाही. आई गेली तेव्हा निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

बोर्डावरच्या वर्षांनी त्यांचा उजवा कानही नेला. हेडफोन नेहमी उजवीकडे, आणि डोंगरातल्या लाइनींची खरखर दिवसभर त्या कानात. "उजवा कान खात्यात जमा झाला," असं त्या सांगायच्या. समोरचा बोलायला लागला की डावा कान पुढे करून, त्याच्यामागे तळहात लावून ऐकायच्या.  रस्त्याच्या डाव्या कडेने जायचं म्हणजे मागून येणारी प्रत्येक गाडी उजव्या बाजूने येणार, आणि तो कान तर बंद.

म्हणून मी अटी घातल्या. मोठ्या रस्त्यावर सायकल चालवायची नाही. शनिवार-रविवारी जायचं नाही, कारण तेव्हा शेंडीच्या धरणावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ असते. आणि एकटीने कधीच जायचं नाही. बाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या आणि वर एक आपली घातली. "मला घाई करायची नाही."

सायकली आम्ही एकदाच टेम्पोत घालून राजूरला नेल्या आणि स्टँडसमोरच्या एका चहावाल्याच्या कोठीत ठेवल्या. मी महिन्या-दोन महिन्यांनी मंगळवार-बुधवारची रजा टाकायचे. पहाटेच्या एसटीने राजूर गाठायचं, चहावाल्याकडे भजी खाऊन सायकली काढायच्या आणि शेंडीकडे निघायचं. धरणाच्या पाण्याला वळसा घालून जाणारा रस्ता आमचा लाडका होता. कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर. आडवारी त्या रस्त्यावर दोन-तीन तासांत एखादी जीप भेटली तर भेटली. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि त्यांच्या डोक्यावर रतनगडाचा कडा. बाई पुढे, रस्त्याच्या अगदी कडेला. मी चार हात मागे आणि जरा उजवीकडे. गाडी आली की मी घंटी दोनदा वाजवायची, की बाई खाली उतरून सायकल गवतात घेणार. गाडीवाला हात दाखवून जायचा. बाईही हात दाखवायच्या.

पहिल्याच दिवशी राजूरच्या पाटीसमोर त्या सायकलवरून उतरल्या. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पाटीला म्हणाल्या, "हॅलो राजूर." मी तोंड फिरवलं. पुढे प्रत्येक गावाच्या पाटीशी हे होऊ लागलं, तेव्हा मला त्याचं काही वाटेनासं झालं. एकदा माझीच सायकल पुढे गेली होती तर मीच म्हणाले, "हॅलो रतनवाडी." बाई मागून ओरडल्या, "चूक! आधी कोण बोलतंय ते सांग!"

चढ आला की बाई उतरून चालायच्या. यात विशेष काही नाही, सगळेच उतरतात. पण त्या उतारावरही थांबायच्या. दोन्ही ब्रेक दाबून, मधेच पाय टेकून, दरीकडे बघत उभ्या राहायच्या. मला उताराची भारी हौस. वाऱ्यावर सोडून द्यावी सायकल आणि खाली जाऊन थांबावं. मी खाली जाऊन पंधरा-पंधरा मिनिटं वाट बघत बसायचे. एकदा वैतागून म्हणाले, "अहो, उतारावर कोण थांबतं?"

"चढताना श्वास लागतो, काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आता श्वास आहे तर बघून घेते."

किती किलोमीटर झाले, किती राहिले, हे त्या कधी विचारायच्या नाहीत. रस्त्यात भेटलेल्या माणसाशी मात्र बोलल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. आणि बोलताना ट्रंक कॉलची तीन मिनिटं त्यांच्या अंगात मुरलेली होती. तेवढी झाली की कॉल वाढवायचा का, हे ऑपरेटरने विचारायचं असे. कुणाच्या अंगणात बसलो, चहा झाला, गप्पा रंगल्या, की बाई मधेच समोरच्या बाईला विचारायच्या, "वाढवू का?" तिला काय कळणार? ती म्हणायची, "वाढा की, बसा जेवायलाच." असं आम्ही कितीदा फुकटचं जेवलो असू. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, आणि पावसाळ्यात असल्या तर चिंबोऱ्यांचं कालवण. बाई ब्राह्मणाघरच्या. चिंबोरीकडे त्या आदराने बघायच्या आणि रस्सा माझ्या ताटात सरकवायच्या.

त्यांचा राग मी फक्त एकदाच पाहिला. एका मंगळवारी कुठली तरी सुट्टी आली होती आणि पाण्याच्या काठी चार-पाच तरुण गाडीची दारं उघडी टाकून मोठ्याने गाणी लावून बसले होते. आवाज इतका की डोंगर परत फेकत होता. बाईंनी सायकल स्टँडला लावली, ड्रेस झटकला आणि तरातरा त्यांच्यापाशी गेल्या. मला वाटलं आता भांडण होणार. त्या गाडीच्या खिडकीशी वाकल्या आणि आपल्या बोर्डावरच्या आवाजात, अगदी गोड, म्हणाल्या, "तुमची तीन मिनिटं संपली आहेत. कॉल तोडतेय." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातल्या एकाने नकळत हात पुढे करून गाणं बंद केलं. बाई "धन्यवाद" म्हणून परत आल्या. पुढच्या वळणापर्यंत त्या एकदाही थांबल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. घाटघरच्या अलीकडे एक फाटा फुटतो. त्या रस्त्यावर तेव्हा डांबर नव्हतं, नुसता मुरूम. तो करवंदवाडी नावाच्या पाच-पन्नास घरांच्या वस्तीकडे जातो. बाई दर खेपेला त्या फाट्यावर उतरायच्या, बाटलीतलं पाणी प्यायच्या, त्या रस्त्याकडे बघायच्या. मी विचारायचे, "जायचं का इकडे?" त्या म्हणायच्या, "आज नको." तीन वर्षं हे असंच. मी धरून चालले की रस्ता खराब आहे म्हणून त्यांना नको असेल.

चौथ्या वर्षी, दिवाळीनंतरची गोष्ट. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसते बुडखे उरले होते. फाट्यावर बाई उतरल्या, पाणी प्यायल्या आणि तिथल्या मैलाच्या दगडावर बसल्या. "सुनंदा, बस जरा," म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते तोवर त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मी नोकरीला लागायच्या काही वर्षं आधीचं. आषाढातला दिवस. नगरच्या एका दवाखान्यातून नर्सने कॉल लावला होता. करवंदवाडीच्या एका बाईला बाळंतपणात अडल्या अवस्थेत तिचा भाऊ नगरला घेऊन आला होता. तिचा नवरा आजारी बापाला आणि लहान मुलाला सोडून येऊ शकला नव्हता. ती जगते की नाही अशी दोन दिवस परिस्थिती होती आणि आता ती वाचली होती, तर घरी तेवढं कळवायचं होतं. करवंदवाडीत फोन एकच, पोस्टात. लाइन लागली, पण पावसामुळे इतकी खरखर की नर्सचं बोलणं पलीकडे पोचेना. ऑपरेटरने स्वतः निरोप सांगायचा नाही, असा नियम होता. पण नगरकरबाईंचा आवाज खरखरीतूनही जायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नर्स काकुळतीला आली. बाईंनी नियम मोडला आणि स्वतः ओरडून सांगितलं, "हिराबाईच्या जिवाला आता धोका नाही!"

पलीकडून पोस्टमास्तरचा आवाज आला. "अरेरे!" आणि लाइन गेली.

"अरेरे कोण म्हणतं गं अशा बातमीला?" बाई म्हणाल्या. "मला त्याच क्षणी कळलं. त्याला मधलं ऐकूच आलं नव्हतं. 'हिराबाई' आणि 'आता' आणि 'नाही', एवढंच पोचलं. मी त्या दिवशी शंभरदा तरी दोरी लावली. लाइन आठ दिवस मेलेली होती. तार केली, पण तारही तिकडे चालतच जायची. दवाखान्यात गेले तर हिराबाईला घरी नेलं होतं. कुणी नेलं, काय झालं, कुणाला माहीत नाही. लाइन सुरू झाली तर पोस्टमास्तर बदलून गेलेला. त्या निरोपाने तिच्या घरी काय झालं, ते नव्याला मी विचारलं नाही. हिंमत झाली नाही."

"इतकी वर्षं?"

"माझ्या तोंडून गेलं ना ते. नर्सच्या नाही." त्या उठल्या. "चल. आज जाऊ."

मुरुमावर सायकल चालेना. आम्ही दोघी सायकली हातात धरून चालत गेलो.  वस्तीच्या तोंडाशी पाटीही नव्हती. एका बाईला विचारलं तर तिने टेकडीखालचं कौलारू घर दाखवलं. अंगणात एक माणूस वरईचा पेंढा रचत होता. पन्नाशी उलटलेला, काटक. हाच हिराबाईचा नवरा, किसन. दोन बाया सायकली घेऊन दारात आलेल्या पाहून तो गोंधळला.

"हिराबाई आहेत का?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज असा बसलेला मी कधी ऐकला नव्हता.

"हाय की. अगं ये, कोन आलंय बघ!"

आतून हिराबाई आली. ठेंगणी, सावळी, हात पिठाने भरलेले. बाईंनी तिला पाहिलं आणि मटकन ओट्यावर बसल्या. मग आम्हाला पाणी मिळालं, बसायला घोंगडी मिळाली, आणि बाईंनी सगळं सांगितलं. फोनवर मीच बोलले होते, असं सांगून त्या थांबल्या.

किसन बराच वेळ पेंढ्याच्या काडीने जमिनीवर रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "पोस्टमास्तर रडत आल्ता. म्हनला, हिरा गेली. लई पाऊस हुता. रस्ता खचलेला. आमी चार जन डोंगरातनं राजूरला चालत गेल्तो. तिथनं टरकमधी. सवाष्न गेली म्हनून हिरवी साडी घेतली हुती राजूरला, नवी. दवाखान्यात गेलो तर ही खाटंवर बसून च्या पीत हुती."

"मला म्हनले, तू जित्ती हायस का?" हिराबाई हसत म्हणाली. "मी म्हनलं, मग कोन च्या पितंय? तीच हिरवी साडी नेसून आले मी घरी, पोरीला घेऊन."

मीही हसले. बाई हसल्या नाहीत. "आणखी काय झालं? सगळं सांगा," त्या म्हणाल्या.

हिराबाईचं हसू जरा ओसरलं. "थोरला पोरगा पाच वर्साचा हुता. त्याला समद्यांनी सांगितलेलं, आई मेली. मी घरी आले तर मला बघून रानात पळाला. भूत म्हनायचा मला. म्हयनाभर माझ्या हातचं खाल्लं न्हाई त्यानं. शेजारनीकडं जेवायचा, तिथंच झोपायचा. मग एक दिस ताप आला, तवा आपसूक माझ्या कुशीत शिरला."

नगरकरबाईंनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "माझ्यामुळे झालं. मला क्षमा करा."

हिराबाईने आपले पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि बाईंचे जोडलेले हात धरून खाली घेतले. "तुमी काय केलं ताई? तुमी तर जित्ती हाय म्हनूनच सांगितलं न्हवं? मधलं पावसानं खाल्लं."

 मग किसन म्हणाला, "पन तुमी बोलल्ता काय, ते आमाला अजून ठावंच न्हाई. तुमी आता पुरं सांगा."

बाईंना आधी कळलं नाही. किसनने पुन्हा सांगितलं, "तवाचा निरोप. पुरा."

बाई सरळ बसल्या. ओढणीने तोंड पुसलं. घसा साफ केला. आणि मग तो आवाज आला, हॉलभर ऐकू जाणारा, स्वच्छ. "हॅलो करवंदवाडी. नगरहून नगरकर बोलतेय. निरोप लिहून घ्या. हिराबाईच्या जिवाला आता धोका नाही. मुलगी झाली आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. काळजी करू नका."

हिराबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला होता. कुणी मोठं माणूस काही सांगत असावं तशी ती मान खाली घालून ऐकत होती. किसनने मान हलवली आणि म्हणाला, "व्हय. मिळाला निरोप."

त्या दिवशी आम्ही तिथेच जेवलो. बाई जेवल्या आणि ओट्यावर आडव्या झाल्या त्या थेट ऊन कलेपर्यंत झोपल्या. हिराबाई दोनदा येऊन त्यांच्या अंगावरची गोधडी सारखी करून गेली. परतताना मुरुमाच्या उतारावर बाई थांबल्या नाहीत. दोन्ही पाय पॅडलवरून उचलून त्यांनी सायकल सोडून दिली. मी मागून जीव मुठीत धरून ओरडत होते. फाट्यावर त्या गवतात जाऊन पडल्या आणि उठायच्या आधीच हसायला लागल्या.

मला वाटलं, आता यांचं काम झालं, आता या डोंगरात यायच्या नाहीत. पण पुढच्याच महिन्यात फोन आला, "रजा टाकलीस का?" मी म्हणाले, "बाई, आता काय राहिलंय?" तर म्हणाल्या, "आता कुठे फिरायला मोकळी झालेय मी." त्यानंतर आम्ही आणखी पाच वर्षं हिंडलो. कुमशेतला गेलो, कोतूळच्या बाजूला गेलो. नोव्हेंबरात भात झोडताना पाहिलं, वैशाखात गोळा केलेल्या हिरड्यांचे अंगणांत वाळत घातलेले ढीग पाहिले. मीही मधे खात्यातून स्वेच्छेने बाहेर पडले होते, त्यामुळे रजेची कटकट उरली नव्हती. करवंदवाडीला वर्षातून एकदा जाणं व्हायचं. हिराबाईची मुलगी लग्न होऊन जुन्नरकडे गेली होती. माहेरपणाला आली असताना एकदा भेटली. बाई तिच्याकडे नुसत्या बघत बसल्या. ती बिचारी लाजून आत गेली.

मग डावा कानही जायला लागला. बाईंनी ते लपवलं. मला कळलं ते मुरशेतच्या वळणावर. मागून दुधाची पिकअप आली. मी घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, ओरडले. बाई आपल्या संथपणे चालवताहेत, आणि नेमक्या त्याच वेळी खड्डा चुकवायला उजवीकडे वळल्या. पिकअपवाल्याने गाडी दुसऱ्या बाजूच्या मातीत घातली म्हणून वाचल्या. तो खिडकीतून काही तरी वाईटसाईट बोलून गेला. बाईंना तेही ऐकू आलं नाही. माझा चेहरा पाहून त्यांना काय झालं ते कळलं.

आम्ही रस्त्याच्या मोरीवर बसलो.  त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "किती वेळा वाजवलीस?"

मी सहा बोटं दाखवली.

त्या खालच्या पाण्याकडे बघत राहिल्या. मला बोलायचं होतं, की बाई, आता बास. पण ते मोठ्याने, त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं असतं, आणि असली गोष्ट ओरडून कशी सांगायची? त्यांनीच माझी सुटका केली. म्हणाल्या, "एक शेवटची फेरी मारू. पाण्याभोवती पूर्ण. मग सायकल बंद. तुझ्या जिवाला घोर नको."

त्यांच्या पुतण्याने नाशिकहून कानाचं मशीन आणून दिलं होतं. शेवटच्या फेरीला त्या ते लावून आल्या. शेंडी सोडली आणि वारा सुरू झाला तशा थांबल्या, मशीन काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. "नुसती शिट्टी वाजते त्यात," म्हणाल्या. त्या वेळी आम्ही क्रम बदलला होता. मी पुढे, त्या मागे, आणि गाडी आली की मी हात वर करायचा. दर थोड्या वेळाने मी मागे वळून बघायचे, तर त्या हात हलवून सांगायच्या, पुढे बघ, पुढे बघ.

त्यानंतर दीडेक वर्षाने त्या नाशिकला पुतण्याकडे गेल्या. फार आजारी पडल्या नाहीत. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी गेल्या. पुतण्याने मला कळवलं तेव्हा मी शेवगावला होते, माझ्या आईकडे. त्या दीड वर्षात केडगावला आम्ही पुष्कळदा भेटलो होतो. पाटीवर लिहून गप्पा मारल्या होत्या, पत्ते खेळलो होतो. पण बाई म्हटलं की मला त्या शेवटच्या फेरीतल्याच दिसतात.

रतनवाडी सोडून साम्रदकडे जाताना मोठा चढ लागतो. तिथे त्यांनी मला खुणेने सांगितलं, तू वर जा, मी येते सावकाश. मी माथ्यावर जाऊन सायकल आडवी टाकली आणि दगडावर बसले. आश्विनातलं ऊन होतं, उतार सोनकीच्या फुलांनी पिवळे झाले होते. खाली रस्ता दोन वळणं घेत आलेला सगळा दिसत होता. त्यावर एकही गाडी नव्हती. बाई सायकल ढकलत येत होत्या, ठिपक्याएवढ्या. मागून गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई आली आणि त्यांच्या बरोबरीने चालायला लागली. मला वाटलं, ती काही तरी विचारेल, यांना ऐकू येणार नाही आणि ती पुढे निघून जाईल. पण दोघी थांबल्या. हातवारे झाले. ती बाई हसायला लागली, मान हलवून नाही नाही म्हणायला लागली. मग तिने भारा उतरवला.

नगरकरबाईंनी ओढणीची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. त्या बाईने भारा उचलून त्यांच्या डोक्यावर दिला आणि स्वतः सायकलचं हँडल धरलं. अडुसष्ट-एकोणसत्तर वर्षांच्या नगरकरबाई दोन्ही हातांनी भारा धरून, पाय फाकवून, एक एक पाऊल टाकत चढायला लागल्या. दहा पावलं गेल्या आणि डुलल्या. त्या बाईने एका हाताने त्यांना कमरेला धरलं. पुन्हा दहा पावलं. गवत तोंडावर आलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. नुसते पांढरे बूट दिसत होते आणि त्यांच्या शेजारी अनवाणी पाय. दोघींचं हसणं मला वरपर्यंत ऐकू येत होतं. मी उठून मदतीला जाणार होते. गेले नाही. त्या हळूहळू वर येत राहिल्या.